उईल, वाटणी आणि हक्कसोड

इंग्रजी अंमलापूर्वीच्या मराठी कागदांत कुणब्याचे मृत्युपत्र शोधायला बसलात, तर हाती फारसे काही लागत नाही. वतनपत्रे सापडतात, मिरासपत्रे सापडतात. वाटणीपत्रे, फारकती, तहनामे, महजर यांचे तर गठ्ठेच्या गठ्ठे आहेत. पण 'मी आता मरणार, माझ्यामागे माझ्या माणसांचे असे असे करावे' असे सांगणारा शेतकऱ्याचा कागद सहसा भेटत नाही. धर्मशास्त्राच्या संस्कृतात या कल्पनेला स्वतंत्र शब्दही नाही. 'मृत्युपत्र' हा मागाहून घडवलेला शब्द आहे. त्याआधी एकोणिसाव्या शतकातले लोक इंग्रजी 'विल'लाच मराठी वळण देऊन 'उईल' म्हणत.

आमच्या जिल्ह्यात मृत्युपत्राची गोष्ट काढली की ऐकणाऱ्याचे मन आपोआप खुलताबादकडे वळते. टोप्या शिवून मिळालेल्या चार रुपये दोन आण्यांत कफन करा, असे सांगणारे औरंगजेबाच्या नावावरचे मृत्युपत्र सगळ्यांनी ऐकलेले असते. त्यावर पुष्कळ लिहून झाले आहे, पुढेही लिहिले जाईल. मला बादशहाचे नको आहे. खुलताबादच्या घाटाखाली ज्याची आठ-दहा एकर काळी होती, तो आपल्या बायकोचे, धाकट्या पोरांचे आणि पोरींचे काय करून गेला, एवढाच माझा प्रश्न आहे. आणि याचे उत्तर एकट्या आपल्या कागदांकडे पाहून मिळत नाही. कागदात जे नाही ते दिसायला शेजारी दुसरा कागद ठेवावा लागतो. म्हणून मी त्याच काळातल्या, म्हणजे सोळाव्या-सतराव्या शतकातल्या, इंग्लंडमधल्या शेतकऱ्यांची मृत्युपत्रे वाचत आलो आहे.

ती हजारोंनी उरली आहेत. त्याचे कारण असे, की मृत्युपत्र प्रमाणित करण्याचे काम तिथे चर्चच्या न्यायालयांकडे होते आणि चर्चने दप्तर नीट जपले. शेतकरी आजारी पडला, उठण्याची आशा उरली नाही, की गावातला लिहिता येणारा माणूस बोलावला जाई. कधी पाद्री, कधी शाळामास्तर, कधी शेजारचाच एखादा बरा शिकलेला शेतकरी. देवाच्या नावाने सुरुवात, मग आत्मा देवाला आणि देह मातीला. ही सुरुवातीची धार्मिक वाक्ये मरणाऱ्याच्या श्रद्धेपेक्षा लिहिणाऱ्याच्या सवयीची असत, हे मार्गारेट स्पफर्ड यांनी केंब्रिजशायरच्या खेड्यांतल्या कागदांवरून दाखवले. आपल्याकडच्या अर्जनविसांचे कागद ज्यांनी वाचले आहेत त्यांना हे पटायला पुरावा लागणार नाही.

पण त्या चार ओळी संपल्या की कागद एकदम घरात शिरतो. थोरल्या मुलाला शेत. धाकट्याला अमुक वर्षांचा झाला की इतके पौंड, आणि ते थोरल्याने शेताच्या उत्पन्नातून द्यायचे, एकदम जमत नसेल तर हप्त्याने. थोरल्या मुलीला पितळेचे भांडे, पिसांची गादी आणि अमुक रंगाची गाय. धाकटीला मेंढ्या आणि लग्नाच्या दिवशी किंवा एकवीस पूर्ण होतील तेव्हा रोख रक्कम. आणि बायकोला? बायकोची कलमे सगळ्यांत बारकाईची असतात. दिवाणखान्यावरची खोली तिची. चुलीपाशी यायला-जायला तिला कोणी अडवायचे नाही. वर्षाला इतके माप जव, इतके गहू. एका गाईच्या चारापाण्याची सोय. परसातल्या झाडांची सफरचंदे. सरपण मुलाने दारात आणून टाकायचे. आणि मायलेकरांचे पटले नाही तर, हे 'पटले नाही तर' पुष्कळ कागदांत येते, या सगळ्याऐवजी वर्षाला इतके शिलिंग मोजायचे. मरणाऱ्या माणसाला सुनेचा स्वभाव ठाऊक असावा.

शेक्सपियरने १६१६ मध्ये बायकोला 'दुसऱ्या नंबरचा पलंग' ठेवला म्हणून साहित्याचे लोक गंमत करत आले आहेत. त्या काळच्या चार-दोनशे शेतकऱ्यांची मृत्युपत्रे वाचली असती, तर ही गंमत निम्मी झाली असती. पलंग, गादी, हंडा या तिथे नाव घेऊन द्यायच्याच वस्तू होत्या.

या शेतकऱ्याला मायाळू ठरवण्याची मला घाई नाही. काही जण बायकोला सगळे देतात ते 'विधवा राहील तोवर'; तिने दुसरे लग्न केले की खोली गेली आणि जवही गेले. नवरा जिवंत असताना बायकोला त्याच्या संमतीवाचून मृत्युपत्रच करता येत नसे. तरीही इतक्या तपशिलाने तो लिहीत होता, कारण न लिहून भागणार नव्हते. इंग्लंडच्या सर्वसाधारण कायद्याने जमीन सगळीच्या सगळी थोरल्या मुलाकडे जाई. केंटसारख्या काही भागांत सगळ्या मुलांत सारखी वाटणी होई, काही ठिकाणी तर धाकट्यालाच मिळे, पण तो अपवाद. विधवेला हयातभर तिसरा हिस्सा वापरायचा हक्क होता, तोही जमिनीच्या प्रकारानुसार कमी-जास्त. धाकट्या मुलांना आणि मुलींना जमिनीत काहीच नाही. १५४० मध्ये आठव्या हेन्रीच्या पार्लमेंटने जमीनही मृत्युपत्राने देता येईल असा कायदा केला आणि बापाच्या हातात लेखणी आली. कायदा ज्यांना विसरला होता त्यांची आठवण करून देण्यासाठी ती लेखणी वापरली गेली. एमी लुईस एरिक्सन यांच्या १९९३ च्या पुस्तकाचा निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो. मुलींना जमीन क्वचित मिळे, पण भांडी, गुरे, रोकड मिळून त्यांच्या पदरी पडणारे मोल साधारणपणे भावांच्या वाट्याच्या जवळपास जाई.

आता आपल्याकडे या.

आपल्या कुणब्याला असे लिहिण्याची गरज नव्हती, कारण त्याची जमीन त्याच्या एकट्याची नव्हतीच. मुलगा जन्मला त्या क्षणी वडिलार्जित मालमत्तेत त्याचा हक्क उभा राहिला. बाप मेला म्हणून मुलाला काही 'मिळत' नाही. जे होते त्यातला एक भागीदार कमी होतो, इतकेच. हा जन्मसिद्ध हक्काचा सिद्धान्त ज्या ग्रंथाने पक्का केला ती विज्ञानेश्वराची 'मिताक्षरा' कल्याणीच्या चालुक्यांच्या राजधानीत लिहिली गेली, म्हणजे आजच्या बसवकल्याणात. बिदर जिल्ह्यातले हे गाव १९५६ पर्यंत आपल्याबरोबर एकाच हैदराबाद राज्याच्या नकाशावर होते. बंगालात 'दायभाग' चाले, तिथे बाप हयात असेतोवर मुलाला हक्क नसे. त्यामुळे हिंदूंची मृत्युपत्रे आधी बंगालात रुजली आणि १८७० चा हिंदू मृत्युपत्रांचा कायदाही मुख्यतः बंगाल आणि मुंबई-मद्रास या शहरांपुरता झाला. जिथे बापाला देण्याची मोकळीक, तिथे कागद. जिथे मोकळीक नाही, तिथे कागद कशाला?

दुसरा ग्रंथ तर आमच्या जिल्ह्याच्या घरचाच म्हणावा असा आहे. पैठणचे रामेश्वर भट्ट सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला काशीला गेले. त्यांच्या वंशात नारायण भट्ट, कमलाकर भट्ट, शिवराज्याभिषेकाचे गागाभट्ट आणि 'व्यवहारमयूख' लिहिणारे नीलकंठ भट्ट झाले. पुढे मुंबईच्या उच्च न्यायालयाने मिताक्षरेच्या जोडीला हा मयूख प्रमाण मानला. विश्वनाथ नारायण मंडलिकांनी १८८० मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर छापले, पां. वा. काणे यांनी नंतर चिकित्सक आवृत्ती काढली. पैठणकरांच्या या ग्रंथात एक जागा आहे जिच्यापाशी मी दर वेळी थांबतो. निपुत्रिक माणसाच्या वारसांच्या रांगेत नीलकंठ भट्ट बहिणीला बसवतात, आजीनंतर लगेच. कारण काय, तर तीही भावाच्याच गोत्रात जन्मली आहे. बाकीचे बहुतेक निबंधकार तिला रांगेतच घेत नव्हते. विज्ञानेश्वरानेही, बापामागे अविवाहित बहिणीला चौथा भाग द्यावा या याज्ञवल्क्याच्या वचनाचा अर्थ 'लग्नाचा खर्च' असा पातळ होऊ दिला नाही. तो खरोखरीचा हिस्सा आहे असे मांडले. म्हणजे शास्त्र अगदीच आंधळे नव्हते. पण शास्त्राची ही वाक्ये कुणब्याच्या बांधापर्यंत पोचली का, हे पाहायचे तर गावचे कागद पाहावे लागतात.

गावच्या कागदांत दोन गोष्टी दिसतात. पहिली, वाटणी किती काटेकोर होती. जमीन तर वाटतच, पण पाटीलकी असेल तर मानपानही वाटत. पोळ्याला कोणाचा बैल आधी, होळीची पहिली पोळी कोणाची, गावच्या कागदावर नांगराची निशाणी कोणाच्या हातची, शिरपाव आधी कोणाला, विडा आधी कोणाला. थोरल्याकडे वडीलपण आणि धाकट्याकडे दुय्यम मान, असे तोडगे निघत आणि गोतासमोर त्यांचा महजर होई. त्याखाली सुताराचे, लोहाराचे आपापल्या हत्याराचे चिन्ह. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवर लिहिताना आणि अ. रा. कुलकर्णी यांनी शिवकाळावर लिहिताना हे साहित्य पद्धतशीर वाचले. बाकी आपल्या इतिहासलेखकांनी वतनाचे कागद वाचले ते बहुतेक घराण्याचा मान किती जुना हे ठरवायला. ज्या घराण्याला पदर होता त्याचे कागद छापले गेले. वाटणीत चुलीचे काय झाले, हे विचारायला फार कमी जण बसले. आपल्या संशोधनाची ही मोठी उणीव आहे आणि ती साधने नसल्यामुळे राहिलेली नाही.

दुसरी गोष्ट, बाईचे नाव कुठे येते. ती अगदी नसते असे नाही. विधवेने दत्तक घेतला की तिचे नाव येते, कारण त्याशिवाय वतन चालत नाही. वतनदारांच्या घरात लेकीसुनांना 'चोळीबांगडी'साठी जमिनीचा तुकडा लावून दिलेला असतो. भावाभावांच्या वाटणीत आईला 'अन्नवस्त्र' ठरते. या शब्दापाशी मी इंग्रजी विधवेची खोली आठवतो. तिथे माप लिहिलेले, गाय लिहिलेली, चुलीपर्यंतची वाट लिहिलेली. इथे एका सामासिक शब्दात अन्न आणि वस्त्र दोन्ही आटोपले. किती, केव्हा, कोणी द्यायचे आणि नाही दिले तर काय, ते माणसांच्या बरेपणावर. एकत्र कुटुंबात वेगळे काय लिहायचे, असे यावर उत्तर येते. ते उत्तर कुटुंब एकत्र आहे तोवर ठीक आहे. वाटणीपत्र लिहिले जाते तेच मुळी ते एकत्र राहिले नाही म्हणून.

लेकीचे तर नावही नाही. तिला आंदण मिळाले, सणवाराला माहेर मिळाले. तिच्या नावाने गोतासमोर काही लिहिले गेल्याचे क्वचित दिसते.

मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, तेच आजचे संभाजीनगर. त्याच्या जमाबंदीने रयतेचा मिरासहक्क पक्का केला असे श्रेय त्याला परंपरेने दिले जाते. मिरासदार पिढ्यान्पिढ्या त्या जमिनीवरून हलवता न येणारा, उपरी मात्र आज आहे उद्या नाही. मिराशीचा हा अभिमान खरा होता आणि त्याची किंमतही खरी होती. सगळ्या मुलांना जमीन देण्याची किंमत डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी मोजून दाखवली आहे. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचा त्यांचा अभ्यास १९१७ मध्ये निघाला. १७७१ साली त्या गावात सरासरी खाते ४० एकरांचे होते. त्यांनी पाहणी केली तेव्हा ते ७ एकरांवर आले होते. त्याआधी दोनच वर्षे, १९१५ मध्ये, त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' आला होता. तो गाडा रुतला कशात याचे एक उत्तर मॅन यांच्या या दोन आकड्यांत आहे. इंग्रज बापाने एकाला शेत दिले आणि बाकीच्यांना पैसे देऊन वाटेला लावले. ती धाकटी पोरे लंडनला गेली, कारागीर झाली, समुद्रापार गेली, मोलमजुरीत मेली. आपल्या बापाने सगळ्यांना घरी ठेवले आणि सगळ्यांना अर्धपोटी ठेवले. यात कोण शहाणा ठरला हे मला सांगता येणार नाही. माझा मुद्दा एवढाच, की आपल्या पद्धतीत धाकट्या मुलाची सोय आपोआप होत होती, म्हणून कोणाचीच सोय मुद्दाम करण्याची सवय बापाला लागली नाही.

ज्यांना ती मुद्दाम करावी लागली असे एक मराठी माणूस म्हणजे जोतीराव फुले. 'शेतकऱ्याचा असूड' लिहून झाल्यावर चार वर्षांनी, १८८७ मध्ये, त्यांनी मृत्युपत्र केले आणि नोंदवले. त्यांना मूलबाळ नव्हते. एका ब्राह्मण विधवेच्या पोटी जन्मलेल्या यशवंताला त्यांनी आणि सावित्रीबाईंनी मुलगा मानले होते. जातीबाहेरचा असा दत्तक भाऊबंदांनी कोर्टात आणि पंचांत दोन्हीकडे अडवला असता. नियमाने मालमत्ता ज्यांच्याकडे गेली असती त्यांच्याकडे ती जाऊ नये, आणि ज्याला नियम ओळखत नव्हता त्या मुलाला ती मिळावी, म्हणून हा कागद. केंब्रिजशायरच्या शेतकऱ्याला जोतीरावांचे हे कारण लगेच समजले असते. १८९० मध्ये जोतीराव गेले तेव्हा टिटवे कोणी धरायचे यावरून भाऊबंदांनी खरोखरच वाद घातला आणि ते सावित्रीबाईंनी धरले, असे चरित्रकार सांगतात. कागद नसता तर वाद टिटव्यावर थांबला नसता.

यानंतर कायद्याचा काळ येतो, तो वाचकांना बहुतेक माहीत आहे म्हणून थोडक्यात सांगतो. डॉ. आंबेडकर दिल्लीत हिंदू संहितेसाठी झगडत होते त्याच वर्षांत, १९५० मध्ये, औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय सुरू करत होते. संहिता अडली, १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलगी, विधवा आणि आई यांना मुलाच्या बरोबरीने पहिल्या वर्गाचे वारस केले. पण जन्मसिद्ध हक्क मुलाचाच ठेवला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये, त्या वर्षीच्या २२ जूनपूर्वी लग्न न झालेल्या मुलींना, सहदायादाचा दर्जा दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर सगळ्या मुलींना तो मिळाला, शेतजमिनीसह. बाप त्या तारखेला जिवंत असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. नीलकंठ भट्टांनी बहिणीसाठी दिलेले कारण, तीही त्याच घरात जन्मली, ते कायद्याला कळायला साडेतीनशे-चारशे वर्षे लागली.

म्हणजे आता परिस्थिती उलटी झाली. इंग्लंडात कायदा मुलीला विसरत होता आणि बापाचा कागद तिची आठवण ठेवत होता. आपल्याकडे कायद्याने तिची आठवण ठेवली. मग आपण कागद कशासाठी करायला लागलो?

दोन कागद आहेत. एक मृत्युपत्र. १९५६ च्या कायद्याच्या कलम ३० ने एकत्र मालमत्तेतला आपला हिस्साही मृत्युपत्राने देण्याची मोकळीक आली. भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे दोन साक्षीदार पुरतात, नोंदणीची सक्ती नाही. मराठवाड्यात शेतकरी आता मृत्युपत्र करू लागला आहे आणि त्यातले नेहमीचे वाक्य असे असते, की मुलींची लग्ने करून दिली, त्यांना योग्य ते दिले, सबब त्यांचा काही हक्क राहिलेला नाही. गाईचा रंग नाही, भांड्याचे नाव नाही. देण्यासाठी निघालेला हा वाङ्मयप्रकार आपल्याकडे आला तो वगळण्यासाठी.

दुसरा कागद त्याहून पुष्कळ वापरातला: हक्कसोडपत्र. बाप गेला, महिना-दोन महिने झाले, की थोरला भाऊ तलाठ्याकडे वारस लावायला जातो. महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे तीन महिन्यांत कळवायचे असते. गाव नमुना ६-क मध्ये वारसांची चौकशी, मग फेरफार, मग सातबाऱ्यावर सगळ्यांची नावे: आई, भाऊ, बहिणी. इथपर्यंत कायदा आपले काम नीट करतो. त्यानंतर बहिणींना दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बोलावले जाते. भाड्याची गाडी भाऊच करतो. जेवणाचेही तोच पाहतो. कागदावर लिहिलेले असते की राजीखुशीने, कोणाच्या दडपणाखाली न येता, कोणताही मोबदला न घेता माझा हक्क भावाच्या लाभात सोडत आहे. हे वाक्य मी इतक्या कागदांत तेच ते वाचले आहे की ते बहिणीचे वाक्य आहे असे मला म्हणवत नाही. स्पफर्ड यांना मृत्युपत्राच्या सुरुवातीत लिहिणाऱ्याचा हात दिसला होता. हक्कसोडपत्र पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत लिहिणाऱ्याच्याच हातचे असते. बहिणीचे स्वतःचे असे त्यात फक्त दोन गोष्टी, फोटो आणि अंगठा.

दडपण नसते, हे एका अर्थी खरे आहे. माहेर सुटेल ही भीती कोणी घालावी लागत नाही. दिवाळीला भाऊबिजेची ओवाळणी, लेकीच्या लग्नात मामाचा आहेर, नवऱ्याने हाकलले तर परतायला एक उंबरा, एवढे सगळे तिच्या पदरी असते ते भावाच्या मर्जीने. त्या बदल्यात दीड-दोन एकर कोरडवाहू सोडणे हा तिच्या बाजूनेही हिशेबच आहे आणि तो चुकीचा आहे असे शहरात बसून म्हणणे सोपे आहे. माझी तक्रार हिशेबाबद्दल नाही. तिने जे सोडले त्याच्या बदल्यात जे मिळणार त्यातले एक अक्षरही कागदावर नाही, ही तक्रार आहे. इंग्रज मुलाला बापाने बांधून घातले होते: बहिणीला अमुक दिवशी अमुक रक्कम दिली नाहीस, तर शेतावर तिचा दावा लागेल. आपल्या भावाला कोणी बांधलेले नाही. पैठणच्या ग्रंथात बहीण रांगेत होती, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत ती रांगेतून बाहेर पडते.

आपल्या कादंबरीनेही या बाबतीत फारसे निराळे केलेले नाही. भाऊबंदकी आपण उत्तम लिहिली. बाप मरायला टेकला म्हणून परतणाऱ्या खंडेरावाच्या डोक्यातला वारशाचा गुंता नेमाड्यांच्या 'हिंदू'त पानोपानी आहे. पण हक्कसोडीवर सही करायला निघालेल्या बहिणीच्या बाजूने लिहिलेली मोठी मराठी कादंबरी माझ्या वाचनात नाही. प्रसंगात नाट्य कमी म्हणून असेल. एक अंगठा आणि मग सगळ्यांचे जेवण, यात लिहायचे काय?

बायकोची सोय हयातीतच करून ठेवावी, हा विचार मात्र आपल्याकडे एकदा मोठ्या प्रमाणावर झाला. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर पुढे 'लक्ष्मीमुक्ती'चा कार्यक्रम घेतला. नवऱ्याने आपण होऊन जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करायचा, आणि ज्या गावात शंभर जणांनी असे केले ते लक्ष्मीमुक्त गाव. १९९२ मध्ये शासनाने परिपत्रक काढून, नवऱ्याच्या अर्जावरून सातबाऱ्यावर बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची वाट मोकळी केली. ही वाट अजून बंद झालेली नाही. तलाठ्याकडे अर्ज करणारे मात्र क्वचित. या चळवळीवर आमच्याकडच्या स्त्री-अभ्यासकांनी जितके लिहायला हवे होते तितके लिहिले नाही. संघटनेच्या अर्थकारणाशी मतभेद होते, त्याचा तोटा या कार्यक्रमाला सोसावा लागला असे माझे मत आहे.

तिचे महत्त्व मराठवाड्यात कळते ते शेतकऱ्याने फास लावून घेतल्यावर. शासनाची मदत एक लाख रुपये, तीस हजार रोख आणि सत्तर हजार ठेवीत. पण त्यासाठी प्रकरण 'पात्र' ठरावे लागते. घरातल्या कोणाच्या तरी नावावर जमीन हवी, कर्ज मान्य संस्थेचे हवे, तगादा हवा. मदतीपुरती सासऱ्याच्या नावची जमीन चालते, पण पुढे काय? सासरा हयात, सातबारा त्याच्या नावावर किंवा थोरल्या दिराच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर असा शिक्का. तिच्या नवऱ्याचे नाव कागदावर कधी आलेच नव्हते. जिथे आले होते तिथे तो मेल्यावरही तसेच राहिले. मेलेल्यांची नावे काढून वारसांची लावण्यासाठी २०२५ मध्ये बुलढाण्यात सुरू झालेली 'जिवंत सातबारा' मोहीम राज्यभर न्यावी लागली, यावरून अशी खाती किती असतील याचा अंदाज यावा.

आणि वारस लागले तेव्हाही नाव कुठे लागले ते पाहावे. सातबाऱ्यात कब्जेदाराचे सदर असते आणि त्याच्या बाजूला 'इतर हक्क' असे दुसरे सदर असते. दुसऱ्याचा जमिनीवर जो काही भार असेल तो तिथे लिहायचा. भावांची नावे कब्जेदारात आणि आईची, बहिणींची इतर हक्कात, अशी नोंद करण्याची रीत आपल्या तलाठी दप्तरात कित्येक वर्षे चालली. जुने उतारे काढले की आजही दिसते. सोसायटीचा बोजा, विहिरीतला पाण्याचा हिस्सा, त्याखाली बहिणीचे नाव.